वादळ हळू गायला लागलं तेव्हा

दातांच्या दवाखान्याचं एक बरं असतं. माणूस खुर्चीत आडवा झाला, तोंडात आरसा आणि नळी गेली, की त्याला बोलता येत नाही. ताईला आपलं काम आवडायचं त्यात याचाही वाटा होता. पण भावाची नवी गाणी आल्यापासून पेशंटांनी त्यातूनही वाट काढली होती. चूळ भरायला उठलं की बोलायचं.

"ताई, तुम्ही त्याला सांगा," असं म्हणूनच सगळे सुरुवात करत.

तिला घरात ताई म्हणत आणि दवाखान्यातही ताईच म्हणत. तिचा धाकटा भाऊ गायक होता. घरात त्याचं नाव भोंगा, कारण तान्हा असताना तो असा रडायचा की वरच्या मजल्यावरची माणसं चौकशीला खाली यायची. बाहेर तो वादळ होता. पोस्टरवर तेवढाच एक शब्द असायचा आणि तो पुरायचा. त्याच्या गाण्यांत आधी ढोल सुरू व्हायचे, मग माणसं उड्या मारायला लागायची आणि मग कधीतरी त्याचा आवाज यायचा. लोक त्याच्या गाण्यांवर व्यायाम करत, गाड्या चालवत, लग्नात नाचत. शब्द कुणालाच पाठ नव्हते, पण ओरडायचं कुठे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि या वर्षी त्याने वादकांचा सगळा ताफा बाजूला ठेवला आणि नुसत्या पियानोवर आठ गाणी केली. तीही इतक्या हळू आवाजात, की ऐकणाऱ्याला वाटावं आपलाच स्पीकर बिघडलाय.

पहिला आला तो व्यायामशाळेतला ट्रेनर. त्याची दाढ दुखत होती, पण दाढेपेक्षा गाण्यांचं दुःख मोठं होतं.

"ताई, वजन उचलताना मी ते नवीन लावलं. माझी सगळी पोरं वजन खाली ठेवून बसली. एक तर म्हणाला, घरी फोन करावासा वाटतोय. हे काय गाणं झालं?"

"तोंड उघडा," ताई म्हणाली.

मग निवृत्त संगीतशिक्षिका आल्या. त्यांना दिशा पसंत होती, पण सूर पसंत नव्हता. "इतकी वर्षं ढोलांच्या आड लपला होता," त्या चूळ टाकून म्हणाल्या, "आता उघड्यावर आलाय. खालच्या स्वरांवर त्याला नीट उभं राहता येत नाही. माझ्याकडे पाठवा." त्यानंतर आली कॉलेजातली मुलगी. तिच्या दंडावर मोठ्या अक्षरांत 'वादळ' गोंदलेलं होतं. "आता याचं मी काय करू? झुळूक करून घेऊ?" ती म्हणाली आणि खरंच तिचे डोळे भरून आले. अक्कलदाढ काढताना ती रडली नव्हती.

एक गृहस्थ मात्र खूश होते. "आत्ता कुठे माणूस गातोय असं वाटलं. आधीची सगळी नुसती आदळआपट होती. मी तर आवाज आला की खिडक्या लावून घ्यायचो," ते हसत म्हणाले. ताईला त्यांचाच सगळ्यात जास्त राग आला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाहेर बसणाऱ्या मदतनीस बाई तर पेशंटांच्याही वरताण. प्रतीक्षेच्या खोलीत त्या अजूनही जुनीच गाणी लावत. ताईने एकदा टोकलं, तर म्हणाल्या, "नवीन लावून पाहिलं मी. मग आतल्या ड्रिलचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. दोघं जण उठून गेले. मला गाण्याशी भांडायचं नाही हो, मला माणसं बसवून ठेवायची आहेत."

ताईने पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

संध्याकाळी घरी जावं तर आई. आईला मुलाविरुद्ध कुणी लिहिलेलं खपत नसे. चष्मा नाकावर, फोन डोळ्यांपासून हातभर लांब, आणि ती एकेकाला उत्तर देत बसायची. कुणी लिहिलं होतं, 'झोप येत नसेल तर वादळ ऐका.' आईने त्याखाली लिहिलं, 'बाळा, तुला झोप लागली हे चांगलंच झालं, पण ज्याने झोपवलं त्याला असं बोलू नये.' कुणी लिहिलं, 'संपला हा.' आईने लिहिलं, 'तो दुपारीच माझ्याकडे जेवून गेला, उत्तम आहे.'

"आई, ते तसं म्हणत नाहीत," ताईने समजावलं.

"मला कळतं कसं म्हणतात ते. मी काय अडाणी आहे?"

शेवटी व्हायचं तेच झालं. कुणीतरी आईची सगळी उत्तरं एकत्र करून पसरवली आणि चार दिवस लोकांनी गाण्यांऐवजी आईवरच मतं दिली. त्यातली बरीचशी चांगली होती. आईने गायला हवं, असंही कुणीतरी लिहिलं.

भावाचा फोन आला. "तिचा फोन काढून घे."

"तू ये आणि काढून घे. मी दिवसभर तुझ्याबद्दल ऐकते, रात्री तिच्याकडून ऐकते. माझे कान किटलेत."

"येतोच आहे. माझी दाढ दुखतेय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. टोपी खाली ओढलेली, चेहरा ओढलेला. मदतनीस बाई उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. ताईने त्याला थेट आत घेतलं, खुर्ची मागे कलंडवली आणि दिवा ओढला.

दाढेला उभा तडा गेला होता. पण ताईचं लक्ष बाकीच्या दातांकडे गेलं. सगळेच झिजलेले होते. सुळ्यांची टोकं गेलेली, दाढांवरचे उंचवटे घासून सपाट झालेले. असे दात ज्यांचे असतात ती माणसं रात्री झोपेत दात खातात, आणि एवढी झीज काही या चार-सहा महिन्यांच्या शिव्यांनी होत नाही. त्याला वर्षं लागतात. म्हणजे लोक उड्या मारत होते, मैदानं भरत होती, तेव्हापासून हे चाललं होतं. वर्षानुवर्षं तो तपासून घ्यायला यायचं टाळत होता आणि तीही पाठपुरावा करत नव्हती.

तिने भूल दिली, ओठ सुन्न होईपर्यंत थांबली आणि काम सुरू केलं. आता तो बोलू शकत नव्हता. मग इतक्या दिवसांचं तिनेच बोलायला घेतलं.

"मला वाटतं माझ्या दारावर पाटी लावावी, तक्रारी इथे स्वीकारल्या जातील. प्रत्येक जण म्हणतो, त्याला सांगा. कुणाला ढोल हवेत, कुणाला सूर हवेत. एक मुलगी रडली. मी काय सांगायचं लोकांना? तू मला तरी कधी सांगितलंस का, हे का केलंस ते? पोस्टर लागलं तेव्हा मला कळलं. आणि खरं विचारशील तर मलाही नाही आवडली ती गाणी."

त्याने तिचा हात बाजूला केला, उठून बसला आणि गालातली कापसाची गुंडाळी काढून वाटीत टाकली.

"कुथलं नाई आवलं?" अर्धा ओठ सुन्न असल्याने रागाचा सगळा जोर वाया जात होता.

"सगळीच."

"तवथं कतं तंपतं?"

"काय?"

त्याने चार बोटं दाखवली. चौथं कसं संपतं, असं तो विचारत होता.

ताईने हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. तिने एकदा दवाखान्यात येताना गाडीत दोन गाणी ऐकली होती. तिसरं लागलं तेव्हा सिग्नल सुटला आणि मागच्याने हॉर्न वाजवला, मग तिने बातम्या लावल्या. पुन्हा लावीन म्हणाली होती, ते राहूनच गेलं.

"तू पण," तो म्हणाला. हे दोन शब्द मात्र स्वच्छ आले.

 नळीतून पाणी ओढल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तो सावकाश, एकेक शब्द धरून बोलायला लागला.

"लोकांना कारण हवंय. आजार झाला, कुणी सोडून गेलं, असलं काहीतरी. तसं काही नाही ताई. मला कंटाळा आला. मी गायचो आणि मलाच माझं ऐकू यायचं नाही. बस."

"एवढंच?"

"एवढंच. पुरत नाही का?"

"मला पुरेल. पण लोकांना काय सांगू मी?"

"तुला कुणी सांगायला सांगितलंय?"

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि मदतनीस बाईंनी डोकं आत घातलं. "दादा, राग मानू नका, एकच विचारते. पहिल्यासारखं परत कधी करणार?"

तो खुर्चीतून उतरला. गळ्यातला कागदी रुमाल काढून त्याने नीट घडी करून ठेवला आणि टोपी घालून निघून गेला. दाढेत ताईने मघाशी घातलेली तात्पुरती भर तेवढी होती, ती टिकणारी नव्हती. ताई मागून म्हणाली, "कडक काही खाऊ नकोस." मग तिने मदतनीस बाईंकडे असं पाहिलं की त्या हत्यारं धुवायला घेऊन गेल्या.

त्या आठवड्याच्या शेवटी गावातल्या नाट्यगृहात त्याचा कार्यक्रम होता. ताई आईला घेऊन गेली. एरवी त्याला मैदान लागायचं. इथे नाट्यगृहाच्याही मागच्या रांगा रिकाम्या होत्या. पडदा वर गेला. एक पियानो, एक वादक आणि मधे उंच स्टुलावर भोंगा, दोन्ही हात मांडीवर ठेवून. हातांचं काय करायचं हे त्याला अजून उमगलं नव्हतं असं दिसत होतं.

पहिलं गाणं लोकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्याच्या मध्यावर कुणीतरी टाळ्यांचा ठेका धरला, जुन्या गाण्यांचा तोच ठेका. बघता बघता अर्ध्या लोकांनी उचलला. हळू गाणं त्या टाळ्यांखाली चिरडून गेलं. तो थांबला.

"टाळ्या थांबवाल का, प्लीज," तो माईकमध्ये म्हणाला. "मला पुढचं ऐकू येत नाही."

कुणीतरी हसलं. काही जण उठून दाराकडे निघाले. मागून एक दणदणीत आवाज आला, "जुनं म्हण, जुनं."

आई उठायला लागली. ताईने तिचा हात धरून खाली बसवलं आणि मागे वळून पाहिलं. तिसऱ्या रांगेत ट्रेनर बसला होता, ओरडला होता तोच.

"तुमचं रूट कॅनाल अजून अर्धं बाकी आहे ना?" ताई शांतपणे म्हणाली. "सोमवारची वेळ आहे तुमची."

ट्रेनर सावरून बसला. "हो ताई."

"मग ऐका गुपचूप."

ताई पुन्हा समोर वळली.  राग त्या ट्रेनरवर होता, टाळ्या वाजवणाऱ्यांवर होता, असलं गाणं एवढ्या लोकांपुढे मांडणाऱ्या भावावर होता. टाळ्या विरल्यावर त्याने दुसरं गाणं पुन्हा धरलं, पण ते तिलाही रटाळच वाटत होतं. तिसरं त्याहून लांबलं. पण ती हलली नाही.

मग चौथं सुरू झालं. ते बाबांवर होतं. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेवटी शेवटी त्यांना जिना चढवेना. बाजारातून येताना ते जिन्याच्या मधल्या वळणावर थांबायचे आणि खिडकीतून रस्त्याकडे बघत राहायचे, जणू काही खाली फार मोठं काहीतरी चाललंय. दम लागलाय हे कुणाला कळू नये म्हणून. गाण्यात एवढंच होतं. खिडकी, खालचा रिकामा रस्ता, आणि शेजारी पिशवी धरून उभा असलेला मुलगा, जो विचारतो, काय दिसतंय. बाबा उत्तर देत नाहीत आणि गाणं तिथेच संपतं, अर्ध्या ओळीवर.

आई रडत होती. नाट्यगृहात कुणी खोकलंही नाही. ताईलाही गाणं आवडलं होतं, पण त्यात राग मिसळला होता, कारण ते तसं नव्हतंच. पिशवी धरून उभी राहायची ती. काय दिसतंय, हे विचारायची ती. भोंगा तेव्हा घरात असायचा, ती रात्री सांगायची तेव्हा त्याला कळायचं.

कार्यक्रम संपल्यावर ती आत गेली. तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून गालावर हात दाबत होता. भर निघाली असणार. शेजारी त्याचा व्यवस्थापक फोनवर कुणाची तरी मनधरणी करत होता.

"चौथं चांगलं आहे," ताई म्हणाली.

त्याने गालावरचा हात काढला.

"बाकीची रटाळ आहेत. दुसरं तर फारच. पण चौथं चांगलं आहे. फक्त पिशवी माझ्या हातात होती."

"ताई, गाणं आहे ते."

"म्हणून काय झालं? मुलगा कुठून आला? मुलगी कर."

"मुलगी केलं तर यमक जातं."

"मग यमक बदल. तुला सगळे ढोल बदलता आले, एक ओळ बदलता येत नाही?"

"ती ओळ बसायला मला दोन महिने लागलेत."

व्यवस्थापक फोन ठेवून म्हणाला, की पुढच्या शहरातले लोक निम्मी जुनी गाणी मागताहेत, नाहीतर रद्द. "रद्द करा," भाऊ त्याच्याकडे न बघताच म्हणाला आणि पुन्हा ताईकडे वळला. "आणि दुसरं रटाळ म्हणजे नेमकं कुठे?"

मग ते कुठे, हे सांगण्यात बराच वेळ गेला. आई दारात खुर्ची घेऊन बसून राहिली.

त्या वर्षी त्याचे बरेचसे कार्यक्रम रद्द झाले. जे झाले ते लहान जागांत झाले, आणि तिथे येणारे लोक निदान बसून ऐकत. दुसरं गाणं त्याने नंतर थोडं छोटं केलं. पिशवीची ओळ मात्र त्याने बदलली नाही, आणि ती लागली की ताई अजूनही चिडते.