पेटी कोणत्या डिस्कवर

सत्यशीला परभणीत एका कॉलेजात इतिहास शिकवायची. एक्क्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचा भाऊ सिताराम मस्कतहून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं एक जुना, वापरलेला घरगुती संगणक तिच्यासाठी आणला. कीबोर्डाच्या आतच सगळं यंत्र, पडद्याच्या जागी घरचा टीव्ही. तो परत गेला आणि मागे उरलं पानं गळालेलं इंग्रजी माहितीपुस्तक.

तिला काम एकच करायचं होतं. अठ्ठ्याहत्तर साली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत, गावात त्यांच्या वस्तीतली घरं जाळली गेली. त्यात काय काय गेलं ते तिच्याकडेच राहणाऱ्या आत्यानं, सगुणाबाईनं, सांगायचं आणि हिनं रोमन अक्षरांत टाइप करायचं. पण धुळीनं फ्लॉपी दगा देऊ लागली. लिहिलेलं दोनदा वाचताच आलं नाही.

टीव्ही दुरुस्त करणारा बन्सीधर ते पुस्तक घेऊन दोन दिवस बसला.

"ताई, मेमरीतच एक डिस्क करता येते. मशीन अडकली, पुन्हा सुरू केली, तरी त्यातलं राहतं."

"आणि लाइट गेली तर?"

"मग जातं."

"मग राहतं म्हणजे काय?"

बन्सीधरनं डोकं खाजवलं. "लाइट हाय तवर राहतं. रोज फ्लॉपीवर उतरवत जा."

त्यानं नव्या डिस्कचं माप फ्लॉपीएवढं लिहिलं. मेमरी पुरत नाही, असं उत्तर आलं. माप चौथाईवर आणलं तेव्हा पडद्यावर डिस्कचं छोटं चित्र उमटलं, खाली नाव रॅड. शेजारी आधीचंच एक होतं, रॅम.

"ती साधी," बन्सीधर म्हणाला. "पुन्हा सुरू केलं की रिकामी होते. तिच्यात ठेवू नका."

"राम? त्याला तिथं कोनी बसवलं?" आत्यानं विचारलं. सत्यशीला हसली, नावं मात्र तिच्या डोक्यात तेव्हाच एकमेकांत मिसळली.

बन्सीधर गेल्यावर आत्या सांगू लागली. "दोन वाकळा. पितळी घागर. लोखंडी पेटी, तिच्यात तुझ्या बापाचा शाळेचा दाखला. समदं जळालं."

सत्यशीलानं लिहिलं, साठवलं. चहा झाल्यावर आत्या म्हणाली, "पेटी न्हाई जळाली. वस्तीपल्याडच्या कुसुमबाईनं आधीच उचलून नेली व्हती."

"आत्ता तर जळाली म्हणालीस."

"म्या?"

सत्यशीलानं दुसरी फाइल केली. ती साठवली आणि मशीन अडकली. पुन्हा सुरू करायला तिनं तीन कळा एकदम दाबल्या. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. रॅम रिकामी. रॅडमध्ये एकच फाइल, तिच्यात पेटी जळालेली. दुसरी तिनं कुठं ठेवली होती? रॅममध्येच असणार. की ठेवलीच नव्हती?

"आत्या, पुन्हा सांग."

"कुसुमबाई आली व्हती, हे खरं," आत्या डोळे बारीक करत म्हणाली. "पन तिच्या डोक्यावर पेटी व्हती का... लय धूर व्हता गं."

उरलेली फाइल सत्यशीलानं त्याच दिवशी दोन फ्लॉप्यांवर उतरवली आणि दुसऱ्या सकाळी एसटीनं गाव गाठलं.

कुसुमबाई सवर्ण शेतकऱ्याच्या घरची, आता पाठीत वाकलेली. तिनं सत्यशीलाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

"काकू, त्या दिवशी तुम्ही आमच्या आत्याची पेटी नेली होती?"

"पेटी?" कुसुमबाई गोंधळून बघत राहिली. "पेटी न्हाई बाई. शेळी. दाव्याला ओरडायलीय म्हनून सोडून आनली. मालक लय ओरडले माझ्यावर. चार वर्सं जगली ती. सगुणाला निरोप धाडला व्हता. भेटला न्हाई का?"

सत्यशीलाच्या यादीत शेळी नव्हतीच. आत्यानं कधी शेळीचं नावही काढलं नव्हतं.

घरी येऊन तिनं सांगितलं.

"काळी व्हती," आत्या म्हणाली. "एका कानाला पांढरा ठिपका. मला वाटलं, ती बी गेली." मग पदरानं तोंड पुसत, "मग पेटी कोनी नेली?"

"मला नाही माहीत."

सत्यशीलानं मशीन सुरू केली, रिकामी झालेली रॅड उघडली, उतरवायला जवळ फ्लॉपी ठेवली. आत्याचं पहिलं सांगणं, दुसरं सांगणं आणि कुसुमबाईचं, तिन्ही एकाखाली एक लिहिली. खरं कोणतं, ते लिहिण्याची जागा तिनं मोकळी सोडली. आत्या शेजारी बसून शेळीच्या कानाचं पुन्हा पुन्हा सांगत होती, तेही तिनं लिहून घेतलं.