उलटी गाडी

सासूबाईंच्या पोटात काही राहत नाही, त्यातून हे तर सुनेचं कौतुक! सून गोदामात फोर्कलिफ्ट चालवते, दोन लोखंडी हातांनी टनाचा माल अलगद उचलते, हे ऐकून ऐकून सगळ्या गल्लीचे कान किटले होते. फक्त शेजारची शिंपीणबाई नाक मुरडायची. "डोळ्यांनी बघेन तेव्हा खरं," म्हणायची. म्हणून गोदामाने घरच्या माणसांना काम बघायला बोलावलं, तेव्हा सासूबाईंनी हिलाच बरोबर घेतलं. आज हिचा नक्षा उतरवायचाच!

दारात दोघींना चकचकीत जाकिटं चढवली. मुकादम म्हणाला, "मावशी, जमिनीवरची ही पिवळी रेघ बघा. माणसांनी रेघेच्या आत चालायचं, पलीकडे गाड्यांचं राज्य." सासूबाईंनी मान डोलावली, पण ऐकतंय कोण? डोळे सुनेला शोधत होते.

आणि सून आली. कमरेला पट्टा, कोपऱ्यावर वाजवलेला भोंगा, गाडीवर माणसाच्या डोक्याहून उंच खोक्यांची चळत. पण हे काय? गाडी चक्क मागे मागे येत होती! खोकी पलीकडच्या टोकाला, आणि सून मान वळवून पाठीमागे बघत गोगलगायीच्या चालीने येतेय. दुसऱ्या खेपेलाही तेच.

शिंपीणबाई तोंडाला पदर लावून हसली. "अहो, तुमची सून उलटीच चालवते की! सरळ चालवायला शिकवलं नाही वाटतं कुणी?"

सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. इतक्या दिवसांची फुशारकी मातीत! मग मात्र त्यांचं डोकंच फिरलं. "अगं ए, सरळ चालव ना! माझी लाज काढतेस?" असं ओरडत त्या तरातरा रेघ ओलांडून थेट गाडीच्या वाटेत शिरल्या.

गाडी जागच्या जागी थांबली. सुनेने खोकी जमिनीला टेकवली, ब्रेक लावला, किल्ली काढली, पट्टा सोडला, मगच उतरली. आणि जिने घरात सासूपुढे कधी आवाज चढवला नाही, ती कडाडली, "आई! आधी रेघेच्या आत व्हा!"

सासूबाई मुकाट्याने आत झाल्या. मग सुनेने त्यांचा हात धरला आणि बंद गाडीच्या दुसऱ्या टोकाला, खोक्यांसमोर नेऊन उभं केलं.

"इथून माझी सीट दिसते?"

"छे गं. नुसती खोकी."

"मग सीटवरून इथलं माणूस कसं दिसेल? माल उंच असला की उलटंच यायचं असतं. मी सरळ आले असते ना, आई..." तिने सासूबाईंचा हात आणखी घट्ट धरला.

सासूबाईंच्या काळजात धस्स झालं. आपण गल्लीभर सांगत होतो ते काहीच नव्हतं, आपली पोर त्याहून कितीतरी मोठी आहे, हे त्यांना आत्ता कळलं. ऊर भरून आला.

तेवढ्यात शिंपीणबाई धापा टाकत आली. "बाई बाई! अहो, थोडक्यात वाचलात!"

"थोडक्यात कशाला?" सासूबाईंनी डोळे पुसले आणि पदर खोचला. "जा, आता तूच सांग गल्लीत. म्हणावं, सून उलटी चालवते, म्हणून सासू सुलटी उभी आहे!"