एकवीरेची आण

शीलाने बाटलीचं बूच काढलं आणि बाटली साहेबांच्या नाकाखाली धरली. साहेब अर्धं पाऊल मागे सरकले. आपल्याला सर्दी असल्याचं त्यांनी सांगितलं.

बाटलीत कोलशेतच्या खाडीचं पाणी होतं, रंगाने चहासारखं. कारखान्याचा पाइप खाडीत उतरतो तिथून शीला, तिच्या कोळीवाड्यातला गुणाजी आणि कॉलेजातल्या पोरांनी ते भरून आणलं होतं. प्रदूषण तपासणाऱ्या कचेरीत वर्षभर खेटे घातल्यावर साहेब यायला राजी झाले, पण कोलशेतपर्यंत नाही. कचेरीची जीप फार धूर सोडते म्हणून दुरुस्तीला गेली होती. कोपरीचा मासळीबाजार स्टेशनला लागून, तेव्हा तपासणी तिथेच ठरली. पोरांना बरंच वाटलं. शीलाची आई आवडाबाई तिथेच पाटी घेऊन बसायची. मासळीला रॉकेलचा वास येतो हे तिच्याहून चांगलं कोण सांगणार?

"पाणी राहू द्या," साहेब म्हणाले. "बाटलीत काय, कोणीही काहीही भरतं. विकणाऱ्या बाईने सांगितलं तर मला पाइपाचं काहीतरी करता येईल."

"ही माझी आईच आहे. आये, सांग ना यांना. म्हावऱ्याला वास येतो की नाही?"

पाटीभोवती गिऱ्हाइकं उभी होती. त्यातले त्र्यंबकराव मास्तर आवडाबाईचे फार जुने. त्यांनी उघडलेली पिशवी हळूच मिटली.

"पोरगी काय म्हणतेय, आवडाबाई?"

आवडाबाईने लेकीकडे पाहिलं नाही. एक बोय उचलली, अंगठ्याने कल्ला वर करून मास्तरांना दाखवला. लाल होता.

"वास कसला? खाडीच्या म्हावऱ्याला खाडीचाच वास येनार."

"आये, अगं..."

"तुम्ही घरी खाता का हे?" सर्दी असूनही साहेबांना नेमका प्रश्न सुचला.

आवडाबाईने बोय पाटीत ठेवली. पदराने हात पुसला.

"एकवीरेची आण. आमचे घरान हेच शिजतं."

त्यांच्या घरात गेली दोन वर्षं अर्नाळ्याचे सुके बोंबील शिजत होते. शीलाने तोंड उघडलं. समोर मास्तरांची पिशवी परत उघडत होती. शीलाने तोंड मिटलं.

तक्रारीत तथ्य नाही, असं साहेबांनी उभ्याउभ्या लिहिलं. जाताना दोन बोया घेतल्या.

"चल यार," गुणाजी म्हणाला. "आपल्याच लोकांनी वाट लावली." बाटली त्याने बाजाराच्या गटारात ओतली. गटार खाडीलाच जात होतं.

संध्याकाळी चुलीशी शीलाचा बाप दामाजी जेवायला बसला. जाळं त्याचं, होडी त्याची. आवडाबाईने त्याला आणि शीलाला बोंबलाचं कालवण वाढलं. मग तव्यावरची बोयची तुकडी आपल्या ताटात घेतली. घरभर रॉकेलचा वास सुटला होता.

"हे कशाला?" दामाजीने विचारलं.

"देवीची आण घेतलीय बाजारान. खोटी कशी करू?"

ती काटे काढत सावकाश खाऊ लागली. दामाजीने कालवणाची वाटी बाजूला सारली आणि तव्यावरून एक तुकडी उचलली.

"वास येतोय का, आये?" शीलाने विचारलं.

"येतो ना."

शीलाने आपलं ताट पुढे केलं.

आवडाबाईने फडक्याने तवा धरला, उचलला आणि चुलीच्या पलीकडे, शीलाचा हात पोचणार नाही असा, ठेवला.

"बोंबील खा," ती म्हणाली. "थंड होतात."