चौदावं रीळ

"लाईट जाईल आता, कशाला लावायलीस," शिवमूर्ती तिसऱ्यांदा म्हणाला.

नात साक्षीनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं आणि टीव्हीला फोन जोडला. रविवारची दुपार होती. लातूरच्या त्या दोन खोल्यांत पंखा सुरळीत फिरत होता आणि लाईट जाण्याची कसलीही लक्षणं नव्हती. साक्षीला कॉलेजात जुन्या हिंदी पिच्चरवर लिहून द्यायचं होतं आणि तिनं निवडलेला पिच्चर नेमका तोच निघाला. नवरा भला, लग्नाआधीचा प्रियकरही भला, आणि दोघांच्या मधे एक बाई, जिचं अर्धं काळीज इकडं आणि अर्धं तिकडं.

"आजी, तू बघितलेला हाय ना हा?"

"एकदाच. जळकोटला, तंबूत," दिवाणावर पाय वर घेऊन बसत पारूबाई म्हणाली. "तिथं तर शेवटी जाती ती बाई. रेल्वेत बसून जाती."

साक्षीनं आजीकडं नवलानं पाहिलं. शिवमूर्तीला एकाएकी तहान लागली आणि तो आत गेला.

तीस वर्षं त्यानं लातूरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. त्याच्या पाळीत फिल्म तुटली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या, असं कधी झालं नाही. हे तो स्वतः सांगत नसे, पण दुसरं कुणी सांगू लागलं तर अडवतही नसे. धंद्यात डाग एकच, आणि तो टॉकीजच्या आधीचा, फिरत्या तंबूतला.

तो तंबू दरसाल जत्रेला जळकोटजवळ मलप्पाच्या पडीक रानात पडायचा. मलप्पाची मुलगी पारू पाण्याची घागर आणून द्यायची, आणि मशीनवाल्याला तहान जरा जास्तच लागायची. त्या साली पारूसाठी उदगीरचा गुरुबसप्पा मास्तर बघितला होता. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती. माणूस सरळ, नोकरी पगारी. नाव ठेवायला कुठं जागाच नव्हती, हेच तर शिवमूर्तीचं दुखणं होतं.

त्या खेळाला पारू कनातीपलीकडं बायकांत बसली होती. शिवमूर्तीचं एक लक्ष मशीनवर आणि तीन लक्षं कनातीपलीकडं. त्या नादात त्यानं तेराव्या रिळाच्या जागी चौदावं चढवलं. पिच्चरमधली बाई तेराव्या रिळात घर सोडून स्टेशनवर जाते आणि चौदाव्यात घरी परत येते. जळकोटला ती जायच्या आधीच परत आली. 'समाप्त'ची पाटी यायला लागली तेव्हा शिवमूर्तीच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं भिंगापुढं तळवा धरला, घाईघाईनं तेरावं रीळ चढवलं आणि बाईला स्टेशनवर धाडलं. ती गाडीत चढली, पडदा पांढरा झाला, आणि सगळी जत्रा तेच खरं समजून घरी गेली.

तीन दिवसांनी पारूनं घागर खाली ठेवली आणि म्हणाली, "आप्पा हाव म्हनले. तुमच्यासंगट."

याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. तेव्हापासून शिवमूर्तीच्या मनानं घेतलं होतं, की ती बाई गाडीत बसून गेली हे बघून पोरीला बळ आलं. रिळं सरळ चालली असती तर पारू आज मास्तरांच्या घरात सुखानं राहिली असती. आपल्याला बायको मिळाली ती चुकीनं मिळाली. आज टीव्हीवर सगळं जागच्या जागी होतं. खरा शेवट बघून ती या वयात हळहळेल, या भीतीनं, साक्षीनं पिच्चरचं नाव सांगितल्यापासून, त्याला आठवडाभर जेवण गोड लागलं नव्हतं.

तो बाहेर आला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. टीव्हीवरची बाई स्टेशनवर गेली, गाडीत चढली, गाडी सुटता सुटता खाली उतरली, आणि पावसाचिखलातून घरी परत आली. पाटी पडली.

"आजी, ती गेली न्हाई की," साक्षी म्हणाली.

शिवमूर्तीला राहवलं नाही. "पारू, जळकोटला मी चुकलो. चौदावं रीळ आधी लावलो, तेरावं मंग."

"ठाऊक हाय मला."

"कवापास्नं?"

"तवापास्नंच. बाई परत आली तवा लुगडं चिखलानं भरलेलं. मंग घर सोडून निघाली तवा कोरं करकरीत. बायकांला लुगडं दिसत न्हाई व्हय? निम्म्या जनी हसायल्या हुत्या. मी गप केले त्यांला."

"का पन?"

"पलीकडं आप्पा बसले हुते. त्यांला मी सकाळीच सांगितले हुते, मास्तर नको, तंबूवाला पायजे म्हनून. धंदा येत न्हाई त्या पोराला, असं म्हनले असते की."

शिवमूर्ती तिच्याकडं बघतच राहिला. "सकाळी? पिच्चरच्या आधी?"

"मंग? पिच्चर बघून कुनी नवरा करतंय व्हय? हाव म्हनायला आप्पाला तीन दिस लागले, बस."

"आजी, मास्तर आवडत नव्हते का तुला?" साक्षीनं हळूच विचारलं.

पारूबाईनं पदर सारखा केला. "आवडत हुते. लई भला मानूस. म्हनून तर आठ दिस घास उतरला न्हाई मला. पर एकदा ठरवले, मंग मागं वळून बघितले न्हाई."

"हे लिहू का मी?"

"लिही की. नाव घालून लिही. शिवमूर्ती ऑपरेटर, तीस वर्षं, एकदा बी फिल्म तुटली न्हाई."

शिवमूर्तीचा ऊर भरून आला. आयुष्यभर ज्या बायकोला तो चुकून हाती आलेली समजत होता, तिनं त्याला दिवसाउजेडी, बापासमोर मागून घेतलं होतं. त्यानं डोळे पुसले आणि ते लपवलेही नाहीत.

"आता दुसरं एखादं लाव," पारूबाई नातीला म्हणाली आणि दिवाणावर सरकून तिनं जागा केली. "अवो, बसा हितं. सारी उमर लोकांला दाखवलाव, माझ्या बाजूला बसून एक बी बघितला न्हाईत."

तो तिच्याशेजारी बसला. नवा पिच्चर सुरू झाला तशी त्याची नजर सवयीनं पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, रीळ बदलायची खूण शोधत गेली. थोड्या वेळानं त्यानं नजर तिथून काढली आणि पिच्चर बघू लागला.