फायनल माझ्यात आलीच नाय

मी टीव्ही बोलतोय. भिंतीला चिकटवतात तसला पातळ नाय, मागं पोट सुटलेला जुना डबा. पोलादपूरच्या वरल्या अंगाला डोंगरात आमची वाडी हाय. तिथं येसाजीच्या गोठ्यात पडलोय. बाजूला म्हस हाय नि तिचा मूत माझ्या बुडाखालनं व्हातोय. वास येत असंल तर नाक धरा, पन ऐकायचं मात्र पुरं. अर्ध्यात उठून जायची सवय लागलीय तुमाला, ती घरी ठेवा.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला म्हाईत नाय नि तुमाला त्याचं करायचं पन काय. येसाजीचा पोरगा दीपक मुंबईला कामाला. बावीस वरसांमागं गनपतीला आला तवा त्यानं मला एसटीतनं आनला. पोलादपूरच्या स्टँडवर उतरवला. तिथनं येसाजीनं चुंबळ केली, मला डोक्यावर घेतला नि डोंगर चढला. मधी कुठं टेकवला नाय. दीपक बोलला, बाबा, जरा माझ्याकडं द्या, तर त्याला आईवरनं शिवी घातली. तवाच मला कळलं, हा मला खाली उतरवंल, पन ह्याच्या टकुऱ्यातनं मी काय उतरत नाय.

वाडीतला पयला टीव्ही मी. ओटीवर बसवला, छपरावर छत्री लावली. दिवस कलला की सगळी वाडी यायची. नि येसाजी ठरवायचा कोन चटईवर, कोन पायरीवर. कुनाचं पोर रडलं की, "उचल ते नि चालती हो." बाया मालिका बघत असायच्या, ऐन रडारडीत हा बातम्या लावायचा. कोन बोलंल? टीव्ही त्याचा. बायांना मालिका पायजे असायची म्हनून त्या आधी येऊन त्याच्या बायकोला, ठकूबाईला, भाकऱ्या थापून द्यायच्या, तांदूळ निवडून द्यायच्या. फुकट कवा कोन बसला नाय माझ्यापुढं.

मग गोमाजीचं झालं. गोमाजी म्हंजे खालच्या आळीचा, येसाजीच्या वयाचा. शिमग्याला पालखी पयली कुनाच्या अंगनात नाचवायची ह्यावरनं दोघं भांडले. गोमाजी सगळ्यांपुढं बोलला, "तुझ्या घरात डबा हाय म्हनून देवी पन तुझ्याच घरी बसवतोस काय रे?" लोकं हसली. झालं. येसाजीनं गावकी बसवली नि गोमाजीला वरसभर वाळीत टाकला. त्याच्या घरच्यांशी कोन बोलायचं नाय, त्याच्या ओटीवर कोन चढायचं नाय, नि त्याच्या घरचं कुत्रं पन टीव्हीपुढं यायचं नाय.

गोमाजीची सून बांधावर उभी ऱ्हाऊन लांबनं माझ्याकडं बघायची. आवाज तिथवर पोचायचा नाय, नुसती हलनारी चित्रं बघायची. मला वाईट वाटलं असं सांगू? नाय वाटलं. मज्जा आली. पुढं बसनाऱ्यापेक्षा लांबनं बघनाऱ्याच्या डोळ्यांत माझी किंमत जास्त होती. मी येसाजीचा टीव्ही, येसाजीसारखाच.

वरीस झालं, गावकीनं गोमाजीला परत घेतला. सगळी त्याच्या ओटीवर जाया लागली. येसाजी सोडून. तो गोमाजीच्या पायरीला शिवला नाय.

आता लोकं बोलतात, मोबाईलनं टीव्हीला खाल्ला. खोटं हाय. मी माझ्या करनीनं मेलो. जरा ढग आले की माझी छत्री आंधळी व्हायची. लाईट गेली की मी मुका. असलो चालू तर काय दाखवायचो? सून जिन्यावरनं पडली, ती तीन आठवडे पडतच होती. मधी साबन, मधी टूथपेस्ट, मधी हंडाभर सोनं अंगावर घालून बसलेली बाई. बावीस वरसांत आमच्या वाडीतला एक मानूस माझ्यात दिसला नाय. आमच्याकडं दरड पडली, रस्ता चार दिवस बंद, नि मी दाखवत होतो दिल्लीचा धूर. कोन बघंल? मी असतो तर मी पन नसता बघितला.

समोरच्या डोंगरावर टॉवर उभा राह्यला. आधी पोरांकडं मोबाईल आले, मग बायांकडं, मग रावजीसारख्या म्हाताऱ्यांकडं पन. नि रेंज कुठं यायची? सगळ्या वाडीत नीट रेंज एकाच जागी, गोमाजीच्या ओटीवर. देवीला पन मस्करी सुचते.

त्या गोमाजीची नात सेजल. महाडला कॉलेजात शिकते. तिनं मोबाईलवर स्वतःचं चॅनल काढलं. शिमग्याची पालखी टाकली, भात लावनाऱ्या बाया टाकल्या, बिनदातांचा रावजी ऊस खातो ते पन टाकलं. ते मुंबईला बसलेल्या आमच्या मानसांनी हजारदा बघितलं. रावजी तर रोज जाऊन स्वतःला बघायचा. हवं तवा लाव, हवं तवा थांबव, परत लाव. कुनी ओरडत नाय, कुनाच्या भाकऱ्या थापाव्या लागत नायत. माझ्यापुढची चटई एक एक करून रिकामी झाली. शेवटाला येसाजी एकटा, नि त्याच्या हातात रिमोट, सोट्यासारखा धरलेला.

येसाजीचा एकच जीव होता, भरत. दीपकचा पोरगा, पन वाढला आजा-आजीकडं. दिवसा महाडच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं काम, संध्याकाळी कबड्डी. चढाईला असा जायचा की समोरचे सात जन मागं सरायचे. आमच्या संघानं महाडची मोठी फायनल गाठली. त्यात भरत खेळला की त्याला जिल्ह्याच्या संघात घेनार होते, नि तिथनं कायमची नोकरी. घरात आठ दिवस दुसरं बोलनं नव्हतं.

भरत बोलला, "आजा, चल माझ्यासंगं महाडला."

येसाजी बोलला, गर्दीत कोपऱ्यात उभा ऱ्हाऊन नाय बघनार. ओटीवर बघीन, सगळ्या वाडीला बसवून.

"टीव्हीवर नाय येनार ती. सेजल मैदानातनं मोबाईलवर दाखवनार हाय. गोमाजीआजाच्या ओटीवर जाऊन बस."

"फायनल हाय ना? मग टीव्हीवरच येनार. मोबाईलवर पोरी नाचतात."

भरतनं तीनदा समजावलं. ठकूबाईनं समजावलं. त्याला पटंना. ज्या खेळाला कप हाय, पंच हाय, आमदार येनार हाय, तो खेळ टीव्हीवर नाय नि गोमाजीच्या नातीच्या खिशातल्या मोबाईलवर हाय, असं कसं असंल? त्यानं पोलादपूरनं मानूस आनून छत्री हलवून घेतली. त्या मानसानं पन सांगितलं, काका, ही नाय येनार. तर त्याला बोलला, तू छत्री फिरव, अक्कल नको फिरवू. मग घरोघर जाऊन आवतन दिलं. रविवारी चार वाजता, माझ्या ओटीवर, भरतची फायनल. लोकं मान हलवायची. तोंडावर नाय बोलायची हिंमत तवा पन नव्हती कुनात.

रविवार आला. ठकूबाईनं चटया टाकल्या, चहाचं आधान ठेवलं. येसाजीनं नवं धोतर नेसलं, माझी काच उपरन्यानं पुसली नि माझ्यापुढं नारळ ठेवला. सोमजाईला गाऱ्हानं घातलं. बा देवी, माझ्या पोराला येश दे, नि ते ह्या सगळ्यांपुढं दे.

सगळे म्हंजे कोन? रावजी एकटा आला. चहा प्याला, वर अर्धा कप मागून घेतला, तमाखू आनतो बोलून उठला तो थेट खालच्या आळीला. बाकीचे तर आपापल्या घराच्या मागल्या दारानंच गेले, म्हंजे येसाजीला दिसायला नको. चार वाजता माझ्यापुढं दोन मानसं, नि पाच चटया.

येसाजी बटनं दाबत सुटला. कुठं कांदा चिरत होते, कुठं बाबा अंगठ्या विकत होता, कुठं गोरे लोक बर्फावर पडत होते. फायनल कुठं नाय. मी कुठनं आनू? माझ्यात जे सोडतात ते मी दाखवतो. त्यानं माझ्या डोक्यावर थापटी मारली, मग गुद्दा मारला. बाजूला ठकूबाई हात मांडीवर ठेवून बसलेली.

"अवो, चला," ती बोलली. "खेळ तुमच्या नातवाचा हाय, गोमाजीचा नाय."

"त्याच्या ओटीवर माझं मढं पन चढनार नाय."

"मढ्याला कोन बोलावतंय. जितं हाय तवर चला."

तो हलला नाय. तिनं पदर खोचला नि गेली. पन्नास वरसांत पयल्यांदा त्याला न इचारता गेली.

मग खालच्या आळीतनं ओरडा यायला लागला. येसाजीचे कान ताठ झाले. ओरडा झाला की तो बोट मोडायचा, एक गुन. परत ओरडा, दुसरं बोट. मोबाईलवर भरत खेळत होता नि हा म्हातारा लोकांच्या बोंबलन्यावरनं खेळ बघत होता. माझ्यात तवा एक बाई फरशी पुसत होती. ती हसत होती.

साडेचारच्या पुढं एक ओरडा आला, तसा आधी आला नव्हता. सगळी वाडी एका तोंडानं. येसाजी उठला. "मारली रे!" बोलला, नि नारळ उचलून पायरीवर आपटला. एका फटक्यात दोन भकलं. पानी चारी बाजूंना शिंपडलं, सोमजाईचं नाव घेतलं, खोबऱ्याचा तुकडा माझ्या डोक्यावर ठेवला. हसत होता. मी त्याला आयुष्यात असा हसताना बघितला नव्हता.

मला म्हाईत होतं तो ओरडा कसला. बावीस वरसं मानसं माझ्यापुढं ओरडलीत. जिंकल्याचा ओरडा लांबत जातो, त्याच्यामागं शिट्ट्या येतात, पोरं नाचतात. हा ओरडा निघाला नि कापल्यासारखा थांबला. त्याच्यामागं काय नव्हतं. मला समजलं, येसाजीला नाय समजलं. सांगू कसा? मी फरशी दाखवत होतो.

ठकूबाई अनवानी आली. रडत नव्हती. पायरीवरची भकलं बघून थांबली.

"हे काय केलंत?"

"फोडला. जितला ना पोरगा?"

"पाय मोडला त्याचा," ती बोलली. "गुडघा उलटा झाला. हाडाचा आवाज इथवर आला मोबाईलमधनं. उचलून नेलाय दवाखान्यात." मग एक भकल उचलून बोलली, "आनि तुमी नारळ फोडलात."

येसाजीनं माझ्या डोक्यावरचा खोबऱ्याचा तुकडा उचलला, कुठं ठेवावा ते कळंना, परत तिथंच ठेवला. मग माझी वायर धरली नि भिंतीतनं उपटली. वायरीनंच मला ओढला, ओटीवरनं पायरीवर, पायरीवरनं अंगनात, अंगनातनं गोठ्यात. माझी काच एका कडंनं फुटली. डोक्यावर आनलेला, गुरासारखा ओढून नेला. मी काय तक्रार करत नाय. माझ्या जागी तो असता नि त्याच्या जागी मी, तर मी पन तेच केलं असतं.

तीन म्हैने झाले. भरतचं मुंबईत आपरेशन झालं. जिल्ह्याच्या संघात दुसरा गेला. ठेकेदारानं पन दुसरा घेतला. भरत ओटीवर पडलाय, मी होतो त्याच जागी त्याची खाट टाकलीय. नि त्याच्या गुडघ्याचं काय झालं ते सगळ्या दुनियेला म्हाईत हाय. सेजलनं तो तुकडा त्याच संध्याकाळी काढून टाकला, ठकूबाईच्या पाया पडायला आली, बोलली, "आजी, मी काढला गो, पन लोकांनी त्याच्या आधीच उचलला." कुनीतरी त्याला गानं लावलं. नाचायचं गानं. सात सेकंदांचा तुकडा. भरत चढाईला जातो, वळतो, गुडघा मोडतो, नि वर ढोलकी वाजते. खाली लोकांनी हसरी तोंडं टाकलीत. लाखांनी बघितला.

तो तुकडा भरतच्या मोबाईलात पन उतरलाय, रेंज नसली तरी लागतो, नि तो दिसभर तोच बघतो. बघून बघून डोळा लागतो, मोबाईल हातात तसाच.

बघितला नव्हता तो एकट्या येसाजीनं.

आज दुपारी ठकूबाई पान्याला गेली. भरतला झोप लागलेली, हातात ते चालूच. येसाजीला वाटलं पोराला गप झोपू द्यावं. त्यानं हळूच मोबाईल काढून घेतला, पन बंद कसा करायचा ते येईना, म्हनून गोठ्यात घेऊन आला. माझ्यावरनं गवताचा भारा ढकलला नि माझ्यावर बसला. मोबाईल हातभर लांब धरला. नि बघितला.

एकदा बघितला. तो संपला नाय, परत सुरू झाला. असला तुकडा आपला आपनच परत लागतो, हे त्याला कोन सांगनार. येसाजीनं काचेवर बोट दाबलं. त्याच्या बोटाला घट्टे हायत, काचेला ते बोट लागंना. परत गुडघा मोडला. बाजूचं बटन दाबलं तर ढोलकी मोठी झाली. परत मोडला. "थांब रे," तो बोलला, "थांब रे बाबा." मोबाईलला बोलला का भरतला, मला कळलं नाय. परत मोडला. शेवटी त्यानं तो म्हशीच्या वैरनीत खोल खुपसला, वरनं दोन पेंढ्या टाकल्या, नि कानांवर हात ठेवून माझ्यावर बसून राह्यलाय.

वैरनीतनं ढोलकी येतेय. म्हस खायची थांबलीय.

इथवर ऐकलंत, तर आता एक काम करा. माझं काय नको. मला भंगारात घाला, कोंबड्यांना खुराडं करा, मला फरक पडत नाय. पन तुमच्यात कुनाला मोबाईल येत असंल तर गोठ्यात या, त्या वैरनीत हात घाला नि ते आधी बंद करा. भरत जागा व्हायच्या आत या.