गलबताचं पोट

ईशानीच्या हात धुण्याचा आवाज बाथरूममधून येत होता. तेवढ्यात मंजिरीने लेकीचा पासपोर्ट लाकडी गलबताच्या पोटात उभा सरकवला, कडांना गोंद लावला आणि डेकची फळी वरून दाबून धरली. तिची बोटं थरथरत होती. गोंदाचा एक ओघळ बाजूने खाली आला, तो तिने अंगठ्याने पुसला.

"आई, तू का चिकटवलंस? बाबा येऊन चिकटवणार होता."

नळ केव्हाच बंद झाला होता; ईशानी दारात उभी होती. हात ओलेच.

"उद्या शाळेत न्यायचंय ना? वाळायला नको?"

ईशानीने गलबताकडे पाहिलं, मग फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे. शुक्रवारपर्यंतचे दिवस ती लाल पेनाने खोडत आणत होती. शुक्रवारी बाबाबरोबर भारतात, पुण्याला, दिवाळीला, दोन आठवडे.

हृषिकेश वेगळा राहायला लागून दहा महिने झाले होते. या प्रवासाच्या संमतीपत्रावर मंजिरीनेच ऑगस्टमध्ये सही केली होती. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर सासूबाई बोलून गेल्या, "इथे घराजवळची शाळा बघून ठेवलीये हो, मुख्याध्यापिका ओळखीच्या आहेत." आणि लगेच फराळाचं बोलायला लागल्या. तेव्हापासून मंजिरी पासपोर्ट लपवायला जागा शोधत होती.

बेल वाजली. हृषिकेश आत आला, लेकीच्या डोक्यावर टपली मारली आणि टेबलावर एक फोल्डर ठेवलं.

"पासपोर्ट देतेस? एअरलाइनला नंबर कळवायचाय."

"सापडत नाहीये."

"म्हणजे?"

"कालपासून शोधतेय."

तो खुर्चीत बसला. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नसे.

"मंजिरी, ही परतीची तिकिटं. बघ तरी."

"तारीख बदलता येते."

"आईने शाळा सहज बघितली गं. म्हातारं माणूस, हौस असते."

"हौसेने मुख्याध्यापिकेला भेटतात?"

"माझ्याकडे कागद आहे." त्याने फोल्डरवर बोट ठेवलं. "तुझ्याच सहीचा."

ईशानी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "बाबा, माझं प्रेझेंटेशन ऐक ना. धिस इज अ स्लूप. पायरेट्सना छोटं जहाज आवडायचं, कारण ते उथळ पाण्यात पळायचं. मोठ्या वॉरशिप्स मागे येऊच शकायच्या नाहीत."

"आणि प्रायव्हेटियर्स?"

"सेम बोट, सेम गन्स. पण त्यांच्याकडे किंगचं लेटर असायचं, की शत्रूची जहाजं लुटा. सो इट वॉजन्ट स्टीलिंग."

"आणि त्या शत्रूने पकडलं तर?"

"देन दे हँग यू. ॲज अ पायरेट."

हृषिकेश हसला. "शाब्बास. आपल्या आंग्र्यांनाही इंग्रज चाचेच म्हणायचे. सनद कुणाची, यावर असतं सगळं." हे बोलताना तो मंजिरीकडे बघत होता.

मंजिरीने उगाचच ओटा पुसायला घेतला.

त्याने गलबत उचललं, डोळ्यांसमोर आडवं धरून डोलकाठी सरळ आहे का पाहिली. मग भुवया जवळ आल्या. त्याने ते कानाशी नेऊन हलवलं. आत काहीतरी सरकून लाकडावर आपटलं.

मंजिरीच्या हातातलं फडकं थांबलं.

"ईशू, आत काय वाजतंय?"

"ट्रेझर," ईशानी म्हणाली. "मी आणि माझ्या वर्गातल्या नीलने ठेवलंय. कार्डबोर्डचं. डोन्ट शेक इट, बाबा, गोंद ओला आहे."

तिने गलबत त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं. आईकडे पाहिलं नाही.

हृषिकेश आणखी थोडा वेळ बसला. पाच दिवसांत नवा पासपोर्ट होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. दारात त्याने बूट घालता घालता म्हटलं, "आजीने परकर-पोलकं शिवून ठेवलंय तुझ्यासाठी, ईशू. जांभळं."

"आय नो," ईशानी म्हणाली. "फोटो पाहिला."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मंजिरी खिडकीशी थांबली. मग मागे वळली. "ईशू, अगं..."

ईशानी टेबलाशी बसली होती. तिने गोंदाची नळी उघडली आणि डेकच्या फटीवरून दुसरा थर फिरवायला घेतला, बाबाने शिकवलं होतं तसा, एका दमात, कडेकडेने. तिचा हात जरासुद्धा थरथरत नव्हता.