उरलेली बाजू

पाकीट होतं तळहाताएवढं, पण बाबांचा सगळा जीव त्यात. फ्रान्सहून आलेलं चामडं, बाहेरून बकरीचं, आतून मेंढीचं. असलं उंची चामडं हाती आलं की बाबा कात्री बाजूला ठेवून नुसता हात फिरवत बसायचे. आई म्हणायची, "कापा आता, नाहीतर लग्न तरी लावा त्याच्याशी!"

बाबा गेले आणि पाकीट अर्धवट राहिलं. एक बाजू शिवलेली, दुसरीला नुसती भोकं पाडलेली. गिऱ्हाईक भला माणूस. म्हणाला, "अर्धं तर अर्धं, त्यांच्या हातचं द्या." पण लेकीला ते पटेना. बाबांचं शेवटचं काम असं लोंबकळत जाणार? छे! पुरं करायचं, आणि असं की बाबा कुठे थांबले ते ब्रह्मदेवालाही कळू नये.

ती तुकड्यांवर सराव करत बसली. बाबांचा टाका बारीक, किंचित तिरका, घट्ट. तिचा काही केल्या तसा पडेना. शेवटी ती रडकुंडीला आली.

"जळला मेला माझा हात! त्यांचा टाका त्यांच्याबरोबरच गेला, आई."

"गेला नाही," आई दारातून म्हणाली. "तो माझा आहे."

"काय?"

"डोळे केव्हाच अधू झाले होते गं त्यांचे. भोकं हाताच्या अंदाजाने नीट पडायची, टाके मात्र वेडेवाकडे. दुपारी ते लवंडले की मी हळूच उसवायचे आणि त्याच भोकांतून पुन्हा शिवायचे. त्यांनीच तर शिकवलं होतं मला. उठले की अंगठा फिरवून म्हणायचे, हात अजून शाबूत आहे बघ! मी म्हणायचे, आहे की."

लेकीला हसावं की रडावं कळेना. "आणि त्यांना कधीच कळलं नाही?"

"मलाही तसंच वाटायचं. शेवटच्या दिवशी या बाजूला भोकं पाडली, जांभई दिली आणि म्हणाले, 'ही तूच शीव. उसवायचा तरी त्रास वाचेल तुझा.'"

लेकीने त्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं. "मग शिवलं का नाहीस गं?"

"बसले होते की. पण त्यांचं घोरणं कानावर नसलं की हातच चालत नाही माझा."

आईने डोळे पुसले आणि पाकीट पुढ्यात ओढलं. "बस इथे शेजारी," ती म्हणाली. "आणि गप्प नको बसूस."